दोन सह्यांच्या मधले घर

मेम्फिसच्या दक्षिण भागातल्या एखाद्या गल्लीत व्हर्निस गेदर यांची निळी मोटार पायी चालणाऱ्याच्या गतीने जाऊ लागली, की ओसरीवर बसलेली माणसे एकमेकांना म्हणत, "कुणाचं तरी गवत वाढलेलं दिसतंय." हे थट्टेने म्हटले जाई, पण ते खोटे नसे. गुडघाभर गवत, पत्रपेटीतून ओसंडणारी पत्रे, दिवसाही ओढलेले पडदे, छपराच्या एका कोपऱ्यावर टाकलेली निळी ताडपत्री ही त्यांच्या व्यवसायाची शकुनचिन्हे होती. घर दिसले की त्या गाडी थांबवून क्रमांक टिपून घेत आणि रात्रीचे जेवण आटोपल्यावर पिवळ्या रेघी कागदावर त्या घराच्या धन्याला स्वहस्ते पत्र लिहीत. छापील पत्र कचऱ्यात जाते. हाताने लिहिलेले पत्र माणूस निदान फोडून वाचतो, असा त्यांचा अनुभव होता.

व्यवसायाचे स्वरूप असे. ज्याला घर विकायचे आहे पण डागडुजी करण्याचे त्राण उरलेले नाही, अशा माणसाशी व्हर्निसबाई साठेखत करीत. खरेदीखताचा दिवस उजाडण्यापूर्वी तेच घर घेणारा एखादा कारागीर, छपरे बदलणारा, फरश्या बसवणारा, त्या शोधून काढीत आणि साठेखतातला आपला हक्क त्याच्या नावे करून देत. त्यांचा मोबदला त्या कागदावर सर्वांना दिसेल असा लिहिलेला असे. घराच्या भिंतीला त्यांचा हातही लागत नसे. हातातून जाई तो केवळ कागद. या धंद्याला नावे ठेवणारे पुष्कळ होते. कोपऱ्यावरचा न्हावी त्यांना एकदा सर्वांदेखत म्हणाला होता, "मिस व्हर्निस, गिधाडसुद्धा आधी मरायची वाट बघतं." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "गिधाड आधी पत्र पाठवून विचारत नाही, बाबा." दुकानातली माणसे हसली, न्हावीही हसला, पण बोल लागायचा तो लागलाच होता.

कदाचित म्हणूनच त्यांनी एक नियम धरला होता. साठेखत घेऊन कुणाच्याही घरी गेल्या, तरी ते मोठ्याने वाचून झाल्याखेरीज त्या घरातले पाणीसुद्धा त्या घेत नसत. खरेदीदार म्हणून त्यांच्या नावापुढे चार शब्द छापलेले असत: 'किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती'. त्या चार शब्दांवर बोट ठेवून त्या समोरच्याला आपल्या भाषेत सांगत, "मी या घरात राहणार नाही. हा कागद मी दुसऱ्याला देणार आणि मधल्यामध्ये माझे पैसे काढणार. पटत नसेल तर आत्ताच सांगा. मी उठून जाईन, आणि राग धरणार नाही." मग चहा म्हणा, सरबत म्हणा, जे पुढे येईल ते त्या घेत. या व्यवसायात येण्यापूर्वी त्यांनी शाळेच्या भटारखान्यात एकोणतीस वर्षे वाढण्याचे काम केले होते. ज्याच्या हातचे आपण खातो त्याला अप्रिय बोलणे किती अवघड असते, हे त्यांना तिथे उमगले होते. सरळपणाला संस्कृतात आर्जव म्हणतात. मराठीत येईपर्यंत त्या शब्दाची विनवणी झाली. व्हर्निसबाईंच्या ठायी मूळचा अर्थ शाबूत होता. धंद्यातल्या बावीस वर्षांत तो एकदाच ढळला, आणि तो कसा ढळला व कसा सावरला तेच इथे सांगायचे आहे.

लूशस रेनी हे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले होते. पत्नी ओझेला यांना जाऊन चौदा महिने झाले होते. मिल्वॉकीला राहणारी मुलगी कॉर्डेलिया त्यांना कायमचे घेऊन जाणार होती. तिने आपल्या घरातली खालची खोली रंगवूनही ठेवली होती. घर तेवढे मार्गी लागायचे होते. व्हर्निसबाईंचे पिवळे पत्र त्याच आठवड्यात त्यांच्या हाती पडले.

जून महिन्यातल्या एका दुपारी त्या साठेखत घेऊन गेल्या, तेव्हा रेनींनी दार उघडले ते कमरेला स्वयंपाकाचे फडके गुंडाळूनच. स्वयंपाकघरातल्या मेजावर दोन ताटे मांडलेली होती. लोण्यातल्या पांढऱ्या पावट्यांचा रस्सा, मक्याचा पाव, चिरलेले टोमॅटो. त्यांनी सांगितले की, ओझेला गेल्यापासून आपण मुद्दाम दोघांसाठी स्वयंपाक आज प्रथमच केला; हात दोघांच्या अंदाजाला इतका सरावलेला आहे की गेले चौदा महिने उरलेले अन्न टाकून देण्यातच गेले. आज ते टाकावे लागणार नाही, एवढ्याचाच त्यांना आनंद होता. व्हर्निसबाईंनी कागद काढला होता. तो त्यांनी पुन्हा पिशवीत ठेवला आणि त्या जेवायला बसल्या.

जेवता जेवता त्या म्हणाल्या की, सकाळचे ऊन ओट्यावर पडते असे स्वयंपाकघर आपल्याला फार आवडते. घर पाहताना त्या हे नेहमीच म्हणत, आणि त्यात असत्य काही नव्हते. पण रेनींनी त्याचा अर्थ आपल्या मनाजोगा घेतला. जेवणानंतर कागद पुढे आला तेव्हा तो न वाचताच त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "तू जेवतेस ती इथंच राहणाऱ्या बाईसारखी जेवतेस. ओझेलाला तू पसंत पडली असतीस. कुठं सही करू?"

त्या चार शब्दांवर व्हर्निसबाईंचे बोट गेले होते. ते तिथेच राहिले, आणि त्याच्या खाली रेनींनी सही केली.

पुढच्या तीन आठवड्यांत त्यांचे फोन येऊ लागले. न्हाणीघरातला नळ डावीकडे अर्धा फिरवून मग उजवीकडे घ्यावा लागतो, हे त्यांना सांगायचे असे. मागच्या दारातल्या अंजिराला जुलैत फळ धरते, पाखरांच्या आधी उठावे लागते. हिवाळ्यात उत्तरेची खिडकी फुगते, तिला मेण चोळावे. एके दिवशी त्यांनी सांगितले, "तुझ्या लक्षात राहायचं नाही म्हणून मी सगळीकडे चिठ्ठ्याच चिकटवल्यात." दर वेळी व्हर्निसबाई ठरवीत की आज सांगायचेच, आणि दर वेळी तोंडातून "हो, मिस्टर रेनी" एवढेच बाहेर पडे. दरम्यान घराला गिऱ्हाईक मिळाले होते. हॉलिस क्रेन नावाचा फरशीकाम करणारा, हाताचा चांगला आणि बोलाचा पक्का माणूस, ते घर घेऊन, दुरुस्त करून पुढे विकणार होता.

आता पेच असा होता: नेहमीच्या रीतीने हक्क हॉलिसच्या नावे केला, तर खरेदीखतावर हॉलिसचे नाव येणार आणि रेनींना सर्व कळणार. पण दुसरीही एक रीत या धंद्यात आहे. एकाच दिवशी दोन खरेदीखते करायची. सकाळी रेनींनी व्हर्निसबाईंना घर विकायचे, दुपारी व्हर्निसबाईंनी ते हॉलिसला विकायचे. खर्च दुप्पट होतो, सकाळच्या खरेदीसाठी एका दिवसाचे कर्ज काढावे लागते; पण सकाळच्या माणसाला दुपारचा कागद दिसत नाही. पहिला विकणारा आणि शेवटचा घेणारा एका मेजावर कधी येऊ द्यायचे नाहीत, हा तर त्या रीतीचा पहिला पाठ. व्हर्निसबाईंनी ही रीत पूर्वी तीस-एक वेळा वापरली होती, पण ती कागदोपत्री काही अडचण असेल तेव्हा, आणि विकणाऱ्याला सांगून. लपवण्यासाठी कधीच नाही.

खरेदीखते करून देणारी ओडेट पिकन्स ही त्यांची जुनी मैत्रीण. केसांचे टोप विकणाऱ्या दुकानाच्या शेजारी तिचे कार्यालय होते. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली की, कायद्याला यात काही खुपत नाही. म्हातारा समाधानाने मिल्वॉकीला जाईल, हॉलिसला घर मिळेल, सगळ्यांचे भले. मग चष्म्यावरून पाहत तिने विचारले, "सगळ्यांचं भलं होतंय, मग तुझं तोंड असं शिळ्या पावासारखं का झालंय?"

सकाळी दहा आणि दुपारी दोन, अशा वेळा व्हर्निसबाईंनी लिहून घेतल्या.

त्या दिवशी रेनी आले ते तपकिरी सूट घालून, हातात टोपी धरून. सामानाची गाडी आदल्या दिवशीच उत्तरेला गेली होती. कॉर्डेलिया बाहेर मोटारीत बसून होती. वडिलांनी सही केली की तसेच निघायचे ठरले होते. रेनींनी मेजावर किल्ल्या ठेवल्या. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. कुठला रंग कुठल्या दाराचा, हे त्यांनी व्हर्निसबाईंना दोनदा सांगितले आणि एकदा म्हणून दाखवायला लावले. ओडेटने कागद पुढे सरकवला. रेनींनी लेखणीचे टोपण काढले.

"मिस्टर रेनी, थांबा," व्हर्निसबाई म्हणाल्या. "मी त्या घरात राहणार नाही."

रेनींना वाटले की त्या आज रात्रीबद्दल बोलत आहेत. ते म्हणाले, "हरकत नाही, सामान आणायला चार दिवस लागणारच."

"आज नाही आणि कधीच नाही. माझं स्वतःचं घर आहे. दुपारी दोन वाजता मी तुमचं घर दुसऱ्या माणसाला विकणार आहे. हाच माझा धंदा. जेवायच्या आधी हे सांगायचा माझा नियम आहे; तुमच्याकडे मी आधी जेवले."

लेखणी कागदावर टेकलेली होती. ती त्यांनी उचलली आणि टोपण लावले. ओडेटने आपली नजर खिडकीबाहेर नेली. रेनी बोलले ते मेजाकडे पाहत.

"तीन आठवडे मी तुला नळाचं सांगत होतो."

"हो."

"आणि तू हो हो म्हणत होतीस."

"हो. तुमचं मीठ खाल्लं होतं. नाही म्हणवेना."

"मीठ खाल्लं म्हणून खोटं बोलायचं असतं होय?" ते म्हणाले. "आणि एवढं मीठ नव्हतंच मी घातलेलं. डॉक्टरांनी बंद केलंय."

हसण्याजोगे ते वाक्य होते, पण कोणी हसले नाही. व्हर्निसबाईंनी पिशवीतून साठेखताची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सांगितले की सही झालेली असल्यामुळे कायदा आपल्या बाजूचा आहे, पण त्याचा आधार आपल्याला घ्यायचा नाही. रेनींनी नको म्हटले, तर आपण साठेखत रद्द केल्याचे आत्ताच लिहून देऊ. घर त्यांचे, इसारही त्यांचाच, आणि त्या घरात राहायला येईल असे कुटुंब त्यांनी सावकाश शोधावे. हॉलिसला काय सांगायचे ते आपण पाहू. ओडेटच्या भुवया वर गेल्या.

रेनी उठले. टोपी डोक्यावर घालून दारापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. काचेतून कॉर्डेलियाची मोटार दिसत होती. ती मागे वळून आसनावरची वडिलांची उशी सारखी करीत होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला 'सावकाश' या शब्दाचा उपयोग किती, हे त्यांना त्या दृश्यात दिसले असावे. ते परत येऊन बसले. टोपी मात्र त्यांनी काढली नाही.

त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तो दुपारचा माणूस कोण? हॉलिस, फरशीकाम करतो. तो राहणार का? नाही, तो छप्पर घालील, नळ बदलील, रंग देईल आणि विकील. कुणाला? ज्याला बँक कर्ज देईल त्याला. हॉलिसने विकलेल्या घरांत बहुतेक पोराबाळांचीच कुटुंबे आहेत, पण आपण तशी हमी देऊ शकत नाही. तुला यात किती सुटतात? नऊ हजार डॉलर. एकेक उत्तर व्हर्निसबाईंनी न अडखळता दिले. रेनी म्हणाले, कारखान्यात इतके मिळवायला आपल्याला एक अख्खे वर्ष लागत असे. पण तेव्हाचा पाव तरी कुठे आजच्या भावाचा होता.

"म्हणजे आज या मेजावर जो जो सही करणार, त्यातला एकसुद्धा माझ्या घरात राहणार नाही."

"नाही," व्हर्निसबाई म्हणाल्या.

"मीसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

मग त्यांनी ओडेटला एक चमत्कारिक प्रश्न विचारला. आपण आता सही केली, तर दुपारी दोनपर्यंत घर कुणाचे? ओडेटचा जन्म असल्या प्रश्नांची उत्तरे देण्यात गेला होता. तिने चोख उत्तर दिले की घर मिस व्हर्निस यांचे. नावाला का? नावाला नव्हे, पूर्णपणे. भिंती, छप्पर, जमीन, कर, सगळे. आज दुपारी तिथे वीज पडली तर नुकसानही त्यांचेच.

"आणि अंजीर?"

"जमिनीत रुजलेलं सगळं."

रेनींनी टोपण काढले आणि सही केली. आठ ठिकाणी करायची होती. प्रत्येक ठिकाणी त्यांनी आपले नाव पूर्ण, सुवाच्य लिहिले. शिक्का बसला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलून व्हर्निसबाईंच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटे आपल्या हाताने मिटवली.

"तीन तास तर तीन तास," ते म्हणाले. "इथं ओडेटसमोर बसून घालवू नकोस. जा, राहून ये."

व्हर्निसबाईंनी क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले, पण रेनींनी हाताने थांबवले.

"माझा राग गेलेला नाही, पोरी. तो मिल्वॉकीपर्यंत येणार आहे माझ्याबरोबर. पण तू सहीच्या आधी बोललीस, नंतर नाही. तेवढं मी धरलं." आणि भिंतीचा आधार घेत, कुणाचा हात न घेता, ते बाहेर गेले.

व्हर्निसबाई आजवर तीस-एक घरांच्या अशा काही तासांच्या मालकीण झाल्या होत्या. ते तास त्यांनी याच खोलीत खारी बिस्किटे खात आणि ओडेटशी इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलत काढले होते. त्या वेळात ते घर कुठे तरी उन्हात उभे आहे आणि ते आपले आहे, हा विचार त्यांच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. आज त्या गाडीत बसल्या.

हिरव्या दोऱ्याची किल्ली पुढच्या दाराची. घर रिकामे होते. जिथे तसबिरी टांगलेल्या होत्या तिथे भिंतीचा रंग ताजा दिसत होता. चिठ्ठ्या खरोखरच सगळीकडे होत्या, थरथरत्या मोठ्या अक्षरांत. त्यांनी न्हाणीघरातला नळ डावीकडे अर्धा फिरवून उजवीकडे घेतला, पाणी आले. हात धुतले, तोंड धुतले. एकेक खिडकी उघडली. पाहुणा ज्या घाईने घर पाहतो त्या घाईने पाहायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. म्हणून प्रत्येक खोलीत त्या जमिनीवर बसल्या, आणि ती खोली दिवसाच्या कुठल्या वेळी बसण्याची असेल हे समजेपर्यंत उठल्या नाहीत. स्वयंपाकघरातले सकाळचे ऊन एव्हाना ओट्यावरून उतरून गेले होते. ते आपल्याला आज दिसणार नाही, याची त्यांना मनापासून हळहळ वाटली. धन्याला वाटावी तशी ती हळहळ होती.

मग मागच्या पायरीवर बसून त्यांनी अंजिरे खाल्ली. पाखरांनी अर्धीअधिक आधीच नेली होती. कुंपणापलीकडून शेजारीण पाहत होती. डोक्यावर फुलाफुलांची टोपी, हातात पाण्याची नळी. झाडांना पाणी घालता घालता तिने विचारले, "नवी मालकीण तूच का?"

"दोन वाजेपर्यंत मी," व्हर्निसबाई म्हणाल्या. "दोननंतर हॉलिस क्रेन. तो दुरुस्त करून विकणार. त्याच्यानंतर कोण, ते मला माहीत नाही."

शेजारणीने नळी खाली धरली. असले सरळ उत्तर तिला अपेक्षित नसावे. ती म्हणाली, "मग पायरीवर का बसलीस भाड्यानं आल्यासारखी? आत बस की. तुझंच आहे." आणि कुंपणावरून तिने थंडगार गोड चहाचा पेला दिला, पेला परत आणून द्यायचा, असेही बजावले.

तो पेला घेऊन व्हर्निसबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. सव्वा वाजता त्यांचा फोन वाजला. क्रमांक कॉर्डेलियाचा होता, आवाज तिच्या वडिलांचा. मागे मोठ्या रस्त्यावरच्या चाकांचा नाद होता.

"कुठं आहेस?"

त्यांनी उघड्या खिडकीकडे पाहिले, भिंतीवरच्या फिकट आणि ताज्या रंगाच्या चौकोनांकडे पाहिले.

"घरी," त्या म्हणाल्या.

मग रेनींनी विचारले की आत फार उकडत तर नाही ना. उकडत असेल तर उत्तरेची आणि पुढची, अशा दोन्ही खिडक्या एकदम उघडायच्या, वारा आरपार जातो. व्हर्निसबाईंनी सांगितले की तशाच उघडल्या आहेत, आणि वारा येतो आहे.

"येतो ना?" ते म्हणाले. "ओझेला त्याच वाऱ्यात भाजी निवडायची." आणि मग, जरा रुक्षपणे, "राग आहे अजून."

"असू दे, मिस्टर रेनी."

"मिसूरी लागलंय. ठेवतो."

पावणेदोनला त्यांनी शेजारणीचा पेला विसळला, कुंपणावरून परत केला आणि खिडक्या लावायला त्या आत गेल्या.